दहा डॉलरांची पेटी

गेल्या दिवाळींत माझ्या बहिणीचा मुलगा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. त्याच्या पिशवींत एक जाड, बांधीव, रंगीत चित्रांचें पुस्तक होतें आणि एका लहानशा बटव्यांत सात फासे होते. फासे म्हटले कीं आपल्या डोळ्यांपुढें सारीपाटाचे लांबट फासे येतात, किंवा मुलांच्या सापशिडींतला सहा बाजूंचा ठोकळा येतो. हे तसले नव्हते. एक चार बाजूंचा, एक आठ बाजूंचा, दोन दहा बाजूंचे, एक बारा बाजूंचा आणि एक वीस बाजूंचा. त्या मंडळींत आपला सहा बाजूंचा ठोकळा तेवढा ओळखीचा वाटत होता. आमच्या वडील बंधूंनीं सहज पुस्तकाची किंमत विचारली. मुलानें ती सांगितली, आणि फराळाच्या ताटाभोंवतीं क्षणभर कोणी बोलेना. किंमत चार हजार रुपयांच्या वर होती.

"एवढ्या पैशांत मिळतें काय? पट नाहीं, सोंगट्या नाहींत. मग यांत खेळ कोठें आहे?" वडील बंधूंनीं विचारलें.

"मोठे मामा, खेळ आपणच करायचा असतो," असें उत्तर आलें.

उत्तर बाणेदार होतें यांत शंका नाहीं. परंतु खर्चाचें समर्थन म्हणून तें फारसें टिकण्यासारखें नव्हतें. खेळ जर आपणच करावयाचा, तर चार हजार रुपये कशाचे? श्रोते हो, या प्रश्नाचा पाठपुरावा करतां करतां मला बरेंच मागें जावें लागलें, आणि वाटेंत जें सांपडलें तें आज आपणांपुढें ठेवावें असा विचार आहे.

ज्या खेळाचें तें पुस्तक, त्याचें नांव डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांनीं तो पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं आधीं दोन शब्द सांगतों. चारपांच माणसें मेजाभोंवतीं बसतात. त्यांपैकीं एक जण पंच होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी कुलुपें उघडण्यांत पटाईत असा चोर. पंच प्रसंग सांगतो. समोर पडकें देवालय आहे, दाराला साखळी आहे, आंतून कसला तरी आवाज येत आहे. मग ज्याला जें करावेंसें वाटेल तें तो बोलून दाखवितो. साखळी तुटेल कीं नाहीं हें जेथें नुसत्या तर्कानें सांगतां येत नाहीं तेथें फासा टाकावयाचा; पडलेला आंकडा आणि पुस्तकांतला नियम यांवरून पंच निर्णय देतो, आणि गोष्ट पुढें सरकते. शेवटीं कोणी जिंकत नाहीं, कोणी हरत नाहीं. पुढच्या शनिवारीं ती तेथूनच पुढें चालू होते. कीर्तनांत आख्यान रंगांत आलें असतां श्रोत्यांनीं उठून नायकाला सल्ला द्यावा, आणि बुवांनीं तो मानून पुढचें आख्यान बदलावें, असा कांहींसा हा प्रकार आहे. अशा खेळांना इंग्रजींत रोलप्लेइंग गेम म्हणतात. आपण भूमिकाखेळ म्हणूं.

या खेळाचें मूळ एका राजवाड्यांत आहे. १८१२ सालीं लेओपोल्ड फॉन राइसविट्झ नांवाच्या सरदारानें प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला युद्धाचा एक खेळ नजर केला. खेळ कसला, तें एक भलें मोठें मेजवजा कपाटच होतें. वर भूमीचे तुकडे जुळवून मांडावयाचे, त्यांवर नदी, टेकडी, रस्ता, गांव असें सर्व रंगविलेलें. आणि खालच्या खणांत सैन्याच्या तुकड्या ठेवलेल्या. राजाला आणि राजपुत्रांना तो फार आवडला. पण असलें मेज राजानेंच बाळगावें. पलटणींतल्या लेफ्टनंटाला तें कोठून परवडणार? यावर तोड काढली ती त्याच सरदाराच्या मुलानें. तो स्वतः तोफखान्यांत अधिकारी होता. १८२४ सालीं त्यानें मेज बाजूस सारलें आणि आठ हजारांस एक या प्रमाणाचे लष्करी नकाशे पसरले. त्यांवर धातूचे लहान ठोकळे मांडले, नियमांची एक पुस्तिका छापली, आणि एक पंच बसविला. दोन्ही पक्ष आपापले हुकूम पंचाकडे देत. शत्रूचें जें सैन्य दृष्टीस पडण्याजोगें नसेल तें पंच नकाशावर मांडीतच नसे. तोफांच्या माऱ्याचा परिणाम काय झाला, हें फासा आणि कोष्टक मिळून ठरवीत. प्रशियाच्या सैन्याच्या मुख्य कचेरीचा प्रमुख फॉन म्यूफलिंग यानें तो खेळ पाहिला आणि सबंध सैन्यासाठीं त्याची शिफारस केली.

येथें बापलेकांतला फरक लक्षांत घेण्यासारखा आहे. बापानें वस्तु केली, मुलानें पुस्तक केलें. वस्तु एकाच्या घरीं राहिली. पुस्तक पलटणींत गेलें. आज आपण ज्याला महाग म्हणतों तें नियमांचें पुस्तक जन्माला आलें तें खेळ स्वस्त करण्यासाठींच.

परंतु पुस्तक आलें कीं पुस्तकाचा जाच आला. कोष्टकें वाढलीं, हिशेब वाढला, आणि तासाभराची लढाई खेळावयास दिवस पुरेना. तेव्हां १८७६ सालीं यूलिउस फॉन व्हेर्डी या प्रशियन अधिकाऱ्यानें उलट टोंक गाठलें. कोष्टकेंही नकोत आणि फासेही नकोत. पंच जर युद्धांत मुरलेला असेल तर त्याचा निर्णय पुरे, असें त्याचें म्हणणें होतें. म्हणजे नियमांचें पुस्तक विकत घेण्याची गरज आहे काय, हा वाद कालपरवांचा नव्हे. तो दीडशें वर्षांचा आहे, आणि त्यांतले दोन्ही पक्ष लष्करी गणवेषांतले आहेत.

आतां आपणांस प्रशियांतून अमेरिकेंत जावयाचें आहे, आणि तेथें जाण्याची वाट एका ग्रंथालयांतून आहे. चार्ल्स टॉटेन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानें १८८० सालीं असल्या युद्धखेळावर ‘स्ट्रॅटेगोस’ नांवाचा ग्रंथ लिहिला होता. मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत तो डेव्हिड वेस्ली नांवाच्या विद्यार्थ्याच्या हातीं पडला. खेळाडूनें कांहींही करूं म्हणावें आणि तें होईल कीं नाहीं हें पंचानें ठरवावें, ही त्यांतली कल्पना त्याला भावली. १९६९ सालीं त्यानें ब्राउनश्टाइन नांवाच्या एका काल्पनिक जर्मन गांवावर नेपोलियनच्या काळांतला डाव मांडला. सैन्यें तेथें पोहोंचण्यापूर्वीं गांवांत काय चाललें असेल, हें पाहावें म्हणून त्यानें एका खेळाडूला नगराध्यक्ष केलें, एकाला पेढीवाला, एकाला विद्यापीठाचा प्रमुख. झालें असें कीं सैन्यें बाजूलाच राहिलीं. खेळाडू दुसऱ्या खोलींत जाऊन कुजबुजूं लागले, एकमेकांविरुद्ध कट करूं लागले, आणि वेस्लीला वाटलें कीं डाव पार फसला. खेळाडूंनीं मात्र पुन्हां कधीं खेळावयाचा म्हणून त्याच्या मागें लकडा लावला. नव्या खेळाचा पाया असा एका फसलेल्या डावानें घातला गेला, आणि त्यासाठीं लागलेला ग्रंथ ग्रंथालयांतून फुकट मिळालेला होता, याचीही नोंद आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें करून ठेवावी.

त्या खेळाडूंत डेव्ह आर्नेसन नांवाचा एक तरुण होता. त्यानें ‘ब्लॅकमूर’ नांवाची स्वतःची काल्पनिक जहागीर रचली. तेथें एक किल्ला, किल्ल्याखालीं भुयारें, भुयारांत भुतेंखेतें आणि पुरलेलें धन. १९७२ च्या अखेरीस हा खेळ घेऊन तो विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गांवीं गॅरी गायगॅक्स याच्याकडे गेला. गायगॅक्स पूर्वीं शिकागोमध्यें एका विमा कंपनींत नोकरीस होता. १९७० सालीं ती नोकरी सुटली, आणि त्यानंतर तो घरीं बसून जोडे दुरुस्त करून संसार चालवीत होता. युद्धखेळांचे नियम लिहिण्याचा त्याला नाद होता. ‘चेनमेल’ नांवाची एक नियमपुस्तिका त्यानें १९७१ सालीं जेफ पेरेन याच्याबरोबर प्रसिद्ध केलेली होती. आर्नेसनच्या टिपणांवरून आणि आपल्या अनुभवावरून त्यानें नव्या खेळाचे नियम लिहून काढले.

ते छापावयाचे कोणीं? १९७३ च्या ऑक्टोबरांत गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनीं टॅक्टिकल स्टडीज रूल्स, पुढें जी टी. एस. आर. या नांवानें ओळखली गेली, ती संस्था काढली. के यानें आपल्या विम्यावर कर्ज काढून १००० डॉलर घातले. पुढें ब्रायन ब्लूम याचे २००० डॉलर आले आणि छपाई शक्य झाली. १९७४ च्या जानेवारींत लांकडाच्या रंगाचा कागद चिकटविलेल्या पेटींत तीन बारीक पुस्तिका, अशा १००० पेट्या तयार झाल्या. त्या भरण्याचें काम घरींच चालत असे. किंमत होती १० डॉलर.

ही किंमत तेव्हांही लोकांना अंगावर आली. त्याच काळांत दुकानांत मिळणाऱ्या युद्धखेळांत छापील पट असे, शेंकडों पुठ्ठ्याच्या सोंगट्या असत. येथें पट नाहीं, सोंगट्या नाहींत, चित्रें हौशी मंडळींच्या हातचीं, आणि फासेसुद्धां वेगळे विकत घ्यावयाचे! आमच्या वडील बंधूंचा प्रश्न तेथें पन्नास वर्षांपूर्वींच विचारला गेला होता. शिवाय पुस्तिकेंत लागणाऱ्या साहित्याची यादी दिलेली होती, ती वाचून तर गिऱ्हाइकाची कंबरच खचावी. तींत दुसऱ्या कंपनीचा एक स्वतंत्र खेळ होता, ‘चेनमेल’चे नियम होते, पांच तऱ्हांचे फासे होते, वह्या, आलेखाचा कागद, रंगीत पेन्सिली होत्या. मात्र यादीच्या शेवटीं शेवटीं आणखी दोन जिनसा नोंदविलेल्या होत्या: कल्पनाशक्ति, आणि एक सोशिक पंच. या दोहोंपुढें कोणतेंही दुकान सुचविलेलें नव्हतें.

पहिल्या हजार पेट्या वर्षाच्या आंत संपल्या. पण खेळ पसरला तो केवळ पेट्यांमुळें नव्हे. विद्यापीठांतल्या मुलांना दहा डॉलर जड जात. एकानें पेटी घ्यावी आणि दहांनीं तिच्या यंत्रावर प्रती काढाव्यात, असें सर्रास चाले. नियमच पुरते कळत नाहींत, आणि ते विचित्र फासे आणावयाचे कोठून, या वैतागांतून केन सेंट आंद्रे या ॲरिझोनांतल्या गृहस्थानें १९७५ सालीं ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा स्वतःचा खेळच लिहिला. त्याच्या पहिल्या प्रती अवघ्या शंभर, आणि फासे फक्त घरांत असतात ते सहा बाजूंचे. पहिल्या पेटीला दीड वर्षही झालें नव्हतें तोंच कोणी तिची नक्कल करीत होतें आणि कोणी तिच्याशीं स्पर्धा करीत होतें. ज्यांना पुस्तक महाग वाटलें त्यांनीं खेळ सोडला नाहीं. त्यांनीं पुस्तक सोडलें.

यांत कायद्याचाही एक भाग आहे. अमेरिकेंत खेळाची पद्धत कोणाच्या मालकीची होत नाहीं. ती ज्या शब्दांत सांगितली ते शब्द आणि तीं चित्रें तेवढीं लेखकाचीं. वीस बाजूंचा फासा टाकून साखळी तोडावयास कोणालाही मज्जाव नाहीं. तेव्हां पुस्तकाची किंमत ही खेळण्याच्या परवानगीची किंमत नव्हे, हें आधीं स्पष्ट झालेलें बरें.

आतां फाशांकडे वळूं, कारण माझें स्वतःचें कुतूहल पुस्तकापेक्षां त्यांच्याविषयीं अधिक होतें. फाशाचें आपलें नातें जुनें आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथें सहा बाजूंचे फासे सांपडलेले आहेत. नलाख्यानांत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाचीं पानें आणि फळें एका नजरेंत मोजतो, आणि आपली अक्षविद्या नलाच्या अश्वविद्येच्या बदल्यांत देतो. तेथें नियमांच्या ज्ञानाचा सौदा झाला खरा, पण पैशानें नव्हे. वीस बाजूंचा फासाही नवा नाहीं. ग्रीक अक्षरें कोरलेले, इजिप्तमधले, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे विंशतिफलक फासे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहेत. त्या काळीं ते कशासाठीं वापरीत हा विद्वानांचा विषय आहे.

परंतु अमेरिकेंतल्या खेळाडूंपर्यंत हे फासे इजिप्तहून आले नाहींत. ते आले शाळेंतून आणि कारखान्यांतून. सर्व बाजू सारख्या, सर्व कोन सारखे, अशीं घनरूपें भूमितींत पांचच आहेत: चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक आणि विंशतिफलक. कॅलिफोर्नियांतील क्रिएटिव्ह पब्लिकेशन्स ही शालेय साहित्य विकणारी कंपनी या पांचांचा आंकडे घातलेला संच गणित शिकविण्यासाठीं विकीत असे. तिकडे जपानच्या प्रमाणीकरण संस्थेनें वीस बाजूंचा फासा केला होता, त्यावर शून्य ते नऊ हे आंकडे दोनदां घातलेले असत. कारखान्यांतल्या मालाचे नमुने तपासण्यासाठीं यदृच्छ आंकडे काढावयाचे, एवढाच त्याचा उपयोग. युद्धखेळ खेळणारांनीं हीं दोन्ही साधनें उचललीं. टी. एस. आर. नें शालेय संचच विकत घेऊन आपल्या गिऱ्हाइकांना विकले. भूमितीच्या तासाला कंटाळलेलीं मुलें तीच भूमिति रात्रीं दोनपर्यंत मेजावर गडगडवीत बसलीं होतीं.

हे पहिले फासे फार मऊ प्लास्टिकचे असत. वर्षभर खेळलें कीं कोपरे झिजून वीस बाजूंच्या फाशाची गोटी होई आणि तो मेजावरून घरंगळत जाई. १९७७ सालीं एरिक होम्स यानें सोपी करून लिहिलेली नवशिक्यांची पेटी निघाली, तेव्हां फासे पेटींतच देऊं लागले. तिला एवढी मागणी आली कीं १९७९ सालीं फासेच मिळेनात. मग कंपनीनें पेटींत आंकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या: चकत्या पेल्यांत टाका, न पाहतां एक उचला, तोच तुमचा फासा. खेळ कोठेंही अडला नाहीं. त्याच सुमारास लू झोकी या व्यापाऱ्यानें कडक प्लास्टिकचे, धारदार कडांचे फासे काढले. नेहमींचे फासे पिंपांत घोळवून गुळगुळीत करतात, त्यांत त्यांच्या कडा असमान झिजतात आणि फासा पक्षपाती होतो, असा त्याचा दावा. आणि त्याच्या प्रचारासाठीं तो आयुष्यभर भांडला. १९८५ सालीं त्यानें शंभर बाजूंचा एक फासा काढला. तो जवळजवळ चेंडूच. टाकल्यावर थांबावयास तयार नसतो. झोकीचें गणित बरोबर आहे असें मी मानतों. पण एका संध्याकाळीं तीसचाळीस वेळां फासा टाकणाराला तो अन्याय कळावयाचा नाहीं. द्यूतगृह चालविणाराला कळेल. आजकाल धातूचे, रत्नासारख्या दगडांचे, कांचेचे संच मिळतात आणि त्यांच्या किंमती पुस्तकाच्या वर जातात. त्यांना दागिना म्हणावें. दागिना घेऊं नये असें कोण म्हणेल? पण त्याचा खर्च खेळाच्या खात्यावर लिहूं नये.

आतां किंमतीचा हिशेब करूं. १९७४ सालचे १० डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे साठांहून अधिक होतात. त्यांत शंभरांहून थोडीं अधिक लहान आकाराचीं पानें मिळत. १९७८ सालीं खेळाडूंचें स्वतंत्र बांधीव पुस्तक निघालें: १२८ पानें, किंमत ९ डॉलर ९५ सेंट, म्हणजे आजचे अठ्ठेचाळीसांच्या आसपास. २०२४ सालीं निघालेलें त्याच नांवाचें पुस्तक ३८४ पानांचें, पानोपानीं रंगीत चित्रें असलेलें, आणि त्याची किंमत ४९ डॉलर ९९ सेंट. महागाईच्या मोजपट्टीनें पाहिलें तर पुस्तक महाग झालेलें नाहीं. पानें मोजलीं तर स्वस्तच झालें आहे. मात्र दुसरी एक मोजपट्टी आहे, ती मला अधिक प्रामाणिक वाटते. १९७४ च्या मे महिन्यापासून अमेरिकेंतला कमींत कमी कायदेशीर मजुरीचा दर तासाला २ डॉलर झाला. म्हणजे ती पेटी पांच तासांच्या श्रमांची. २००९ पासून तो सव्वासात डॉलरांवर अडलेला आहे. म्हणजे आजचें पुस्तक जवळजवळ सात तासांचें. ज्याची मिळकत वाढली त्याला पुस्तक पूर्वींइतकेंच पडतें. ज्याची वाढली नाहीं त्याला तें महाग झालें. आणि आपल्याकडे तर डॉलरांत ठरलेली किंमत रुपयांत कमावणाराच्या घरीं येते, तेव्हां तिसरीच मोजपट्टी लागते.

खरी तक्रार एका पुस्तकाच्या किंमतीची नाहींच. ती पुस्तकें थांबत नाहींत याची आहे. सारीपाटाच्या पटाची नवी आवृत्ति निघत नाहीं. या खेळाच्या नियमांची १९७४ पासून अनेकदां निघाली. नुसत्या या शतकांत २०००, २००३, २००८, २०१४ आणि २०२४ सालीं. प्रत्येक वेळीं जुनें पुस्तक शिळें झाल्याची भावना पद्धतशीरपणें पसरते. वास्तविक जुन्या पुस्तकांतला एकही नियम त्या दिवशीं बंद पडत नाहीं.

या न थांबण्यानें नुकसान केवळ गिऱ्हाइकाचें झालें असें समजूं नये. ती लक्ष्मी ज्यांनीं आणली त्यांच्याही घरीं ती टिकली नाहीं. डॉन के १९७५ च्या जानेवारींत, पेटी निघाल्याला जेमतेम वर्ष होतें तोंच, वारला. आर्नेसनला आपल्या वांट्याच्या मानधनासाठीं १९७९ सालीं कोर्टांत जावें लागलें. १९८१ सालीं तडजोड झाली. गायगॅक्सच्या हातून कंपनीची सत्ता १९८५ सालीं गेली आणि पुढच्या वर्षीं तो बाहेर पडला. पुढें कंपनीनें एकापाठोपाठ एक नवीं काल्पनिक विश्वें काढलीं, प्रत्येकाच्या पेट्या, नकाशे, पुस्तकें; तेव्हां एका विश्वाचा खेळाडू दुसऱ्याचें पुस्तक घेईना. १९९५ सालीं तिनें जमविण्याचे, चित्रें कोरलेले खास फासे बाजारांत आणले. पहिला माल चटकन् खपला म्हणून पुढचा बेसुमार केला, आणि तो दुकानांत पडून राहिला. पुस्तकविक्रेत्यांकडून न खपलेल्या मालाचे ढीग परत आले. १९९७ सालीं टी. एस. आर. विकली गेली ती विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीला, जिनें आपला पैसा पत्त्यांच्या खेळावर मिळविला होता; आणि दोन वर्षांनीं तिलाही हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीनें घेतलें. शाळेच्या फाशांवर उभी राहिलेली कंपनी खास फाशांच्या ओझ्याखालीं वांकावी, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

नव्या मालकांनीं एक शहाणपण केलें. २००० सालीं त्यांनीं नियमांचा गाभा खुला केला. अटी पाळून कोणीही त्यावर पुस्तकें लिहावींत, विकावींत. हिशेब असा कीं दुसऱ्यांनीं कितीही गोष्टी रचल्या तरी त्या खेळणाराला मूळ पुस्तक लागणारच. शेंकडों लहान लेखक-प्रकाशक यावर उभे राहिले. २०१४ पासून कंपनीनें प्राथमिक नियम फुकटही दिले. मग २०२३ च्या जानेवारींत ही सनद बदलून अटी कडक करण्याचा बेत बाहेर फुटला. खेळाडूंनीं असा गदारोळ केला आणि कंपनीच्या वर्गण्या अशा भराभर रद्द केल्या, कीं त्याच महिन्याच्या २७ तारखेस कंपनीनें पांचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा अशा परवान्याखालीं देऊन टाकला कीं तो आतां परत घेतां येत नाहीं. कर्त्याचें नांव दिलें कीं पुरे. दोनशें वर्षांपूर्वीं राजाच्या कपाटांतून जी वस्तु पुस्तकांत आली ती आतां पुस्तकांतूनही बाहेर पडली आहे.

मग चार हजार रुपये द्यावेत काय? माझें मत विचाराल तर, मेजाभोंवतीं चार माणसें जमत असतील तर सबंध मंडळींत मिळून एक पुस्तक जरूर घ्यावें. फुकट मिळणाऱ्या नियमांवर आधीं तीन संध्याकाळ खेळून पाहावें, आणि चौथ्याही दिवशीं माणसें आलीं तर घ्यावें. पांच जणांत वांटलें तर तें एका सिनेमाच्या संध्याकाळीहून फारसें जड जाणार नाहीं, आणि वर्षानुवर्षें पुरेल. त्यांत आपण विकत घेतों तो खेळ नव्हे. नवख्या पंचाला, तोंडांतून शब्द फुटेपर्यंत, हातांत धरावयास दिलेली काठी आहे. व्हेर्डीचा मुरलेला पंच काठीवांचून चालेल. आमच्या भाच्याला ती लागते. आणि ती काठी कोणी तरी बसून तासली आहे, तिचे दाम त्याला मिळाले पाहिजेत. जोडे शिवून संसार करणाऱ्या माणसाच्या दहा डॉलरांबद्दल मला कधींच वाईट वाटलें नाहीं. दुसरें, तिसरें आणि दहावें पुस्तक मात्र घेऊं नये. फाशांचा साधा संच एक घ्यावा.

साधा संचसुद्धां अपरिहार्य नाहीं, हें त्याच दिवाळींत आमच्या घरीं सिद्ध झालें. भाऊबीजेच्या रात्रीं मुलें खेळावयास बसलीं आणि तासाभरांतच वीस बाजूंचा फासा दिवाणाखालीं गेला. काठी घातली, विजेरी लावली, केरसुणी फिरविली. तो कांहीं सांपडेना. मुलांचीं तोंडें उतरलीं. तेव्हां मीं त्यांना १९७९ सालच्या चकत्यांची हकीकत सांगितली. घरांत एक जुनी लग्नपत्रिका होती, तिच्या जाड कागदाचे वीस तुकडे केले, आंकडे घातले आणि वाटींत टाकले. वडील बंधु तोंवर वर्तमानपत्र तोंडापुढें धरून बसले होते. देवालयाच्या दाराशीं मंडळी अडली होती, साखळी तुटत नव्हती, आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाईट निघत होत्या.

"त्या साखळीच्या कड्या गंजलेल्या आहेत का, तें कोणीं पाहिलें आहे काय?" वर्तमानपत्रामागून प्रश्न आला.

भाच्यानें पुस्तक चाळलें. त्यांत तसला कांहीं नियम नव्हता. त्यानें तें मिटलें, क्षणभर विचार केला आणि सांगितलें, गंजलेल्या आहेत, मोठे मामा, पण चिठ्ठी तुम्ही काढा. सतराचा आंकडा निघाला.

फासा दुसऱ्या दिवशीं केर काढतांना मिळाला. पुस्तकाची किंमत वडील बंधूंना अजूनही जास्त वाटते.